बदल झाला की केला? गावाच्या इतिहासाच्या प्रदर्शनासंबंधी

येडशीहून तेर फार दूर नाही. तेथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे पुराणवस्तुखात्याचे अधिकारी नव्हते, गावातलेच गृहस्थ. पांढरीच्या मातीत सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरहून भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तेथले त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. शाळांच्या सहली तेथे जातात, जायलाच हव्यात.

परंतु ते संग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्या आमच्या वस्तीतल्या मुलाला सातवाहन काळातील माणसे कोणते मणी घालीत हे कळते. त्याच्या आज्याला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, हे कळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला फळी मिळाली आहे. गेल्या शंभर वर्षांतल्या माणसाला मिळालेली नाही. आणि या मुलखात माणसाचे जगणे उलथेपालथे झाले ते तर याच शंभर वर्षांत. ही शंभर वर्षे गावाने आपल्याच गावात कशी मांडावीत, हा या लेखाचा विषय आहे. तो मी हौसेने घेतलेला नाही. येडशीतल्या काही तरुणांनी जयंतीच्या निमित्ताने असे प्रदर्शन भरविण्याचे मनावर घेतले आणि फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. लिहावयास बसल्यावर जे प्रश्न उभे राहिले ते इतर गावांतल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांनाही पडतील असे वाटते, म्हणून लिहितो आहे.

अशी प्रदर्शने भरविण्याचा मोठा अनुभव अमेरिकेपाशी आहे. अमेरिकेचे नाव काढले म्हणून कोणी बिचकू नये. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या निग्रो विचारवंताला पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'पँथर' हे नाव दिले ते कोठून आले हे सर्वांना ठाऊक आहे. काळ्या माणसाच्या कवितेशी आपण नाते जोडले. त्याच्या संग्रहालयांकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही.

तेथील स्मिथसोनियन ही सरकारी मदतीवर चालणारी प्रचंड संस्था. १९९४ पासून ती लहान गावांसाठी फिरती प्रदर्शने पाठविते. मांडणीचे सामान आणि मुख्य विषय बाहेरून येतो, पण ज्या गावात प्रदर्शन लागते त्या गावाने आपल्या वस्तू, आपली छायाचित्रे, आपल्या आठवणी त्याच्या जोडीला मांडावयाच्या असतात. २०१८ पासून फिरू लागलेले असे एक प्रदर्शन ग्रामीण अमेरिकेतील बदलांवर आहे. १९०० साली त्या देशातील शंभरांपैकी साठ माणसे खेड्यात राहत होती. २०१० साली विसांहूनही कमी उरली. शेती यंत्राकडे गेली, गावातली शाळा बंद पडली, आगगाडी थांबेनाशी झाली. ही कथा आपल्यालाही परकी नाही.

पण मला त्याहून मोलाचे वाटते ते वॉशिंग्टनमधील अ‍ॅनाकोस्टिया या काळ्यांच्या वस्तीतले संग्रहालय. १९६७ साली एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात ते उघडले. जॉन किनार्ड हे त्याचे पहिले संचालक. त्यांनी १९६९ साली प्रदर्शन भरविले ते उंदरांवर! वस्तीतल्या घराघरांत उंदीर होते, लहान मुलांना चावत होते. तेव्हा जिवंत उंदीर आणून ठेवले, ते का वाढतात, कचरा कोण उचलीत नाही, घरे कोण दुरुस्त करीत नाही, हे मांडले. संग्रहालय म्हणजे जुने आणि सुंदर ते जपण्याची जागा, ही समजूत त्या उंदरांनी कुरतडून टाकली असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. सामाजिक बदल दाखविणारे प्रदर्शन आणि जुन्या वस्तूंची आरास यांत फरक कोणता? उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे वुलवर्थ नावाचे दुकान होते. त्यातल्या उपाहारगृहाच्या फळीशी गोऱ्यांनीच बसून खावयाचे असा नियम होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी त्या फळीशी जाऊन बसले. त्यांना कोणी वाढले नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. जुलैमध्ये दुकानदाराला नियम सोडावा लागला. त्या फळीचा एक भाग आणि त्यापुढची स्टुले आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि खुद्द त्या दुकानाच्या इमारतीत २०१० साली नागरी हक्कांचे संग्रहालय उघडले आहे. स्टूल साधेच. त्याला इतिहासाची वस्तू बनविते ते त्याच्याशी जोडलेले वाक्य : येथे कोण बसू शकत नव्हते, कोण येऊन बसले, आणि मग काय करणे भाग पडले.

मराठीत अशी वाक्ये लिहिताना एक मोठी सोय आडवी येते. आपल्या भाषेत कर्त्याला सहज लपविता येते. 'अस्पृश्यता नष्ट झाली.' 'पाणवठे खुले झाले.' 'बलुतेदारी संपुष्टात आली.' शाळेच्या पुस्तकापासून सरकारी पत्रकापर्यंत सगळीकडे बदल हा 'होतो', पाऊस पडावा तसा. तो कोणी केला, कोणाच्या विरोधाला न जुमानता केला, हे वाक्यात येतच नाही. फलक लिहिताना आम्ही एक साधा नियम केला : 'झाला' असे लिहिले की थांबायचे आणि तेथे 'केला' बसते का ते पाहायचे. बसत असेल तर कोणी ते शोधायचे.

येडशीचे पहिले दालन अर्थातच रेल्वेचे. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. येडशी याच वाटेवर. २००८ साली रुंद मार्ग पूर्ण झाला आणि छोटी गाडी गेली. तिच्याबद्दल जिव्हाळ्याने बोलणारे पुष्कळ आहेत. घाटात गाडीची गती इतकी मंदावे की माणूस उतरून पुन्हा चढे, असे सांगतात. ते जरूर मांडावे. पण याच गाडीने कुर्डुवाडी गाठून आणि तेथे मोठ्या गाडीत बसून आमची माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे, गोदीकडे गेली. गावात ज्याला 'अरे तराळा' म्हणून हाक पडे तो तिकीट काढून बाकावर बसला, ही काही लहान गोष्ट नव्हे. उलट बाजूही आहे. १९०१ साली लहानगे भीमराव वडिलांकडे जावयास निघाले असता मसूर स्थानकावर उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, आणि गाडीवान भाडे दुप्पट देऊनही त्यांची गाडी हाकावयास तयार झाला नाही. वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयात काळ्यांसाठी वेगळा भाग असलेला रेल्वेचा आख्खा डबा ठेवला आहे. तो इतका मोठा की २०१३ साली आधी डबा उतरविला आणि मग त्याभोवती इमारत पुरी केली. आपल्याकडे डबा सर्वांना एकच होता. भिंत होती ती स्थानकाबाहेरच्या बैलगाडीत. ती संग्रहालयात ठेवता येत नाही, लिहावीच लागते.

येडशीच्या शेजारी कसबे तडवळे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. ज्या शाळेच्या इमारतीत त्यांचा मुक्काम होता ती आज त्यांच्या आठवणीची जागा आहे आणि दर फेब्रुवारीत लोक तेथे जमतात. बाबासाहेब आले होते, हे आमच्या भागात लहान मूलही सांगते. कशासाठी आले होते, हे विचारले की मोठी माणसेही अडखळतात. म्हणून हा फलक मी सर्वांत लांब लिहिला.

वतन म्हणजे काय? थोडीशी जमीन आणि सुगीला घरोघर मिळणारे बलुते. त्याच्या बदल्यात सरकारचा कागद पोचविणे, आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, मयताची वार्ता परगावी नेणे, मेलेले जनावर ओढणे. वेळ ठरलेली नाही, कामही ठरलेले नाही, आणि घरचा कर्ता पुरुष नसेल तर घरातले कोणीही माणूस. गंमत अशी की, याला 'हक्क' म्हणत. महार त्याच्यासाठी आपसांत भांडत, कोर्टात जात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते हा हक्क नावाचा फास सोडविण्यासाठी. विरोध असा झाला की पुढच्या वर्षी ते परत घ्यावे लागले. मग डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव, फेब्रुवारी १९४१ मध्ये तडवळे, ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर अशा परिषदा झाल्या. सिन्नरला वतनी जमिनीवर वाढविलेल्या जुडीविरुद्ध आवाज उठविला गेला. एकीकडे वतन हा गळ्यातला लोढा आहे असे सांगायचे आणि दुसरीकडे त्या जमिनीवर सरकार अन्यायाने कर वाढविते म्हणून लढायचे, यात वरवर पाहता विसंगती दिसेल. ती विसंगती नव्हे. जमीन हवी होती, जोहार नको होता. आणि परिषदेच्या नावात महार आणि मांग ही दोन्ही नावे एकत्र आहेत याकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. आज आपसांत तुटक वागणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांना मी त्या फलकाखाली मुद्दाम उभे केले.

वतनाच्या फलकाखाली ठेवायचे काय, यावरून खरा वाद झाला. एका मुलाने वेसकराची घुंगरू लावलेली काठी सुचविली. वस्तीतल्या एका वृद्ध बाईंना विचारले तर त्या उसळल्या : "ती काठी आमच्या सासऱ्यानं हिरीत टाकली. द्येवासंगं टाकली. तुमी आता हुडकून आणताव व्हय?"

हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या लोकांनी देव, देव्हारे, परड्या विहिरींत आणि नद्यांत टाकल्या. ढोर ओढणे सोडले, वाजविणे सोडले, येसकी सोडली. त्याआधी महाडला बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतले आणि मनुस्मृती जाळली. आमच्या चळवळीची मोठी कृत्ये ही अशी आहेत : पिणे, जाळणे, टाकणे, सोडणे. त्यांतून वस्तू मागे राहत नाही. सवर्णाच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांची भांडी, पालखी, तलवार असते, म्हणून त्याचा इतिहास मांडावयास सोपा. आमची क्रांती जितकी खरी तितकी फळी रिकामी.

अमेरिकेत याच प्रश्नाला एकाने उलटे उत्तर दिले आहे. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठात डेव्हिड पिल्ग्रिम हे काळे समाजशास्त्रज्ञ. काळ्या माणसाची विटंबना करणारी चित्रे, खेळणी, राखदाण्या, पाट्या त्यांनी तरुणपणापासून विकत घेऊन जमविल्या आणि १९९६ साली विद्यापीठाला दिल्या. त्यांचे आज जिम क्रो संग्रहालय झाले आहे. द्वेषाच्या वस्तू दाखवूनच सहिष्णुता शिकविता येते, असा त्यांचा दावा. मला तो बराचसा पटतो. परंतु त्या वस्तू गोऱ्यांनी बनविल्या होत्या आणि गोऱ्यांच्या घरांत होत्या. काठी आमच्या हातात होती. विटंबनेची ती खूण आम्हीच वागविली आणि आम्हीच फेकली. ती पुन्हा आणून मांडणे म्हणजे फेकण्याचे कृत्य पुसणे होय. सुताराकडून नवी काठी करून ठेवावी हीही सूचना आली. ते नाटकाचे सामान झाले असते. शेवटी फलकाखाली एक कोरी जागा ठेवली आणि त्या बाईंचे वाक्य, त्यांच्या परवानगीने, नावाशिवाय, जसेच्या तसे लिहिले.

हलगीचे तसे नाही. ती आजही वाजते, अनेक मातंग घरांचे पोट तिच्यावर आहे आणि वाजविणाऱ्याला आपल्या हाताचा अभिमान आहे. तिला 'लाजिरवाणी वस्तू' ठरविण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? मात्र सरकारी महोत्सवांत ती 'लोककला' म्हणून येते आणि कोणाच्या दारात, कोणत्या मोबदल्यावर, ना म्हणण्याची सोय नसताना ती वाजविली जाई, हे गळून जाते. हलगी ठेवली, तिचा फलक वाजविणाऱ्यांनीच सांगावा असे ठरविले.

रिकाम्या फळ्यांना माझ्या मते उत्तम पर्याय एकच आहे, आणि तो प्रत्येक गावात आहे. तो म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. मराठवाडा निजामाकडे होता, राज्यकारभार उर्दूत चाले, त्यामुळे जुन्या नोंदी वाचावयास जाणकार लागतो. पुढची पाने मात्र कोणीही वाचू शकतो. आधी आमच्या मुलांची नावे दगडू, धोंडिबा, कचरू अशी. मग हळूहळू सिद्धार्थ, गौतम, राहुल येऊ लागतात. मुलींत सुजाता, यशोधरा. बापाचे नाव दगडू आणि मुलाचे गौतम, हे एका ओळीत दिसते तेव्हा दुसरी कोणती वस्तू ठेवावयाची गरज उरत नाही. मुलींची पहिली नोंद केव्हा, शाळा सोडण्याचे कारण काय लिहिले आहे, कोणती इयत्ता ओलांडली जात नाही, तेही पाहावे.

पण रजिस्टर डोळे झाकून वाचू नये. दीक्षेनंतर कितीतरी वर्षे बौद्ध घरांतल्या मुलांची नोंद 'हिंदू महार' अशीच सापडते. त्यावरून या घरांनी धर्मांतर केले नाही असा निष्कर्ष काढणारे महाभाग मला भेटले आहेत. खरी गोष्ट अशी की, बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली लागू केल्या गेल्या. तोवर मुलाच्या भवितव्यासाठी बापाला कागदावर जुनेच नाव ठेवावे लागे. म्हणजे कागदही खोटे बोलतो, आणि त्याला खोटे बोलावयास लावणारा कायदा असतो. ही पाने मांडताना आडनावे झाकावीत. लोकांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणणे आपले काम नव्हे.

आणखी एक लहान दालन आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि तलावांच्या कामांवर आमच्या बाया-माणसांनी दिवस काढले. सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो. त्याची भाकरी थापताना फाटे, असे सगळ्याजणी सांगतात. मिलो ही ज्वारीचीच जात, अमेरिकेहून आलेली. तेथे ती मुख्यतः जनावरांना घालतात. ज्वारीचे मूळ मात्र आफ्रिकेत. तेथून ती अमेरिकेत पोचली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर. काळ्या माणसाच्या वाटेने गेलेले धान्य अखेर येडशीच्या मजुराच्या ताटात आले. मूठभर ज्वारी आणि एक नकाशा, एवढ्यावर हे दालन उभे राहते आणि मुले तेथे सर्वांत जास्त थांबतात. दुष्काळ खरोखरच 'पडतो', तेथे 'झाला'ला जागा आहे. पण विहिरी आटल्यावर कोणाला कोणत्या विहिरीवर येऊ दिले नाही, येथे पुन्हा कर्ता लागतो. बाबा आढावांची 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम त्याच दशकातली.

१९७८ च्या फलकावरून बैठक दोनदा मोडली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ ची वाट पाहावी लागली. एका बाजूचे म्हणणे, आज बांधाला बांध लागून राहायचे आहे, जुन्या जखमा कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, मग प्रदर्शनच कशाला? माझे मत असे की, आसपासच्या कोणाही माणसाचे नाव लिहू नये. पण क्रियापद बदलू नये. फलक रंगविणाऱ्या मुलाने 'वस्त्या जळल्या' असे लिहून आणले होते. आम्ही त्याला एक काना घालावयास लावला.

१९४८ चा फलक अजून लिहावयाचा आहे. १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाले, त्याची चित्रे आणि हुतात्म्यांची नावे सहज मिळतात. पण त्यानंतरच्या आठवड्यांत ज्या चार जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वाधिक अत्याचार केले गेले असे सुंदरलाल समितीने नोंदविले, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हाही एक होता. आमचा नियम येथे मोडून चालणार नाही. मुलांनी मुसलमान वस्तीतल्या दोन-तीन घरी जाऊन यायचे ठरविले आहे. तिकडचे कोणी लिहावयास तयार झाले तर ते लिहितील, नाहीतर मी लिहीन आणि त्यांना वाचून दाखवीन.